गाठीपाशी थांबणारी गोष्ट

2022 ची दिवाळी तोंडावर आली होती. दादा गावाकडून भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन आला. दरवर्षी आणतो. गाडीच्या पुढ्यातून पोतं उचललं, स्वयंपाकघराच्या दारात टेकवलं, मग परत खाली जाऊन डिकी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेला विळा घेऊन वर आला. एका झटक्यात पोत्याच्या तोंडाची सुतळी तोडली. मी म्हटलं, "अरे, सुरगाठ हाय ती. ओढली असती तर सुटली असती." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे." विळा परत फडक्यात गुंडाळला आणि उभ्याउभ्याच चहा पिऊन निघून गेला. तोडलेल्या सुतळीचे दोन तुकडे फरशीवर पडले होते. आमचे आबा सुतळीचा वीतभर तुकडासुद्धा टाकायचे नाहीत. गोठ्याच्या मेढीला एक खिळा होता, त्यावर सुटलेली प्रत्येक सुतळी गुंडाळलेली असायची, आणि गाठ सुटत नाही म्हणून तोडणाऱ्या माणसाला आबा आळशी म्हणायचे. त्यांच्या हाताखाली वाढलेला माझा भाऊ सुरगाठ तोडतो, आणि त्यासाठी राजारामपुरीपर्यंत गाडीच्या डिकीत पाजवलेला विळा घेऊन येतो, हे काही मला दिवाळीभर पचलं नाही. फराळ करताना हात चालायचे आणि डोक्यात विळा.

कोल्हापुरात पुराची गोष्ट नाही असा माणूस सापडणं अवघड. नवीन ओळख झाली, गाव कुठलं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, "तुमच्यात कुठवर आलतं?" समोरचा हात वर करतो. गुडघा, कंबर, छाती, पहिला मजला. शाहूपुरीतली माणसं भिंतीवरची रेघ दाखवतात. कुंभार गल्लीतली माणसं 2019 ला चतुर्थीच्या तोंडावर भिजून गेलेल्या गणपतींची गोष्ट सांगतात. आम्ही राजारामपुरीवाले उंचावरचे, आमच्याकडे सांगायला फक्त टँकरची रांग. उपसा केंद्रंच पाण्यात गेल्यामुळं सगळ्या शहराला महापूर आणि नळाला थेंब नाही. पुण्या-बंगळूरचा रस्ता शिरोलीजवळ पाण्याखाली, त्यामुळं पेट्रोल नाही, भाजी नाही. आमची गोष्ट तेवढीच, आणि ती सांगताना आवाज जरा पडतोच, कारण शेजारी आंबेवाडी-चिखलीकडचा कुणी बसलेला असला तर त्याच्यापुढं टँकरची काय कथा.

आमचं माहेर करवीर तालुक्यात, नदीकाठचं. आणि दादाची गोष्ट गावात नावाजलेली. तालमीच्या कट्ट्यावर कितीतरी वेळा ऐकलीय मी. पाणी नदीकडून आलंच नाही, मागच्या ओढ्यातून आलं, ते कसं कुणाला कळलं नाही. लाइट कशी गेली. शेजारची म्हातारी पाटावर बसून "मी जित्ती हितनं हलायची न्हाई" म्हणत होती, तिला पाटासकट कसं उचललं, इथं सगळा कट्टा हसायचा. मग गोठा. अंधारात कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्यानं म्हशींची दावी विळ्यानं सपासप तोडली आणि तीन म्हशी मोकळ्या केल्या. त्या पोहत माळाला लागल्या. मग बोट आली. बोटीत पोरगं कसं थरथरत होतं, मिलिटरीच्या जवानानं त्याला बिस्किटाचा पुडा कसा दिला, आणि पोरगं हिंदीत कसं "थँक्यू" म्हणालं. पुन्हा हशा. नाद खुळा गोष्ट. सांगणाराही पट्टीचा.

दावणीला म्हशी चार होत्या.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. चौथी गोठ्यातच गेली हेही ठाऊक होतं. पाणी ओसरल्यावर पंचनामा झाला, दुभत्या म्हशीचे 30 हजार मिळाले, त्याच्या कागदावर वहिनीचा अंगठा आणि दादाची सही आहे. पण गोष्ट दरवेळी तिसऱ्या म्हशीवरून थेट बोटीत उतरायची, आणि कट्ट्यावरचं एकही माणूस मधलं विचारायचं नाही. आपल्याकडं तशी रीतच नाही. पाणी किती फूट आलं ते विचारायचं, माणसात किती शिरलं ते विचारायचं नसतं.

आता मागं वळून बघताना एकेक गोष्ट ओळीत लावता येते, तेव्हा त्या सुट्या सुट्या होत्या. रात्री अडीच-तीनला उठून गोठ्यात फेरी मारायची, यात कुणाला काही वावगं वाटणार? शेतकरी माणूस. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला मोबाइलवर बघायची. ती तर अख्खं कोल्हापूर बघतं. पण दादा डिसेंबरातही बघायचा, आकडे येत नसतानाही. शिवाजी पुलावरून जायचं टाळून तो बाहेरच्या बाहेर लांबचा फेरा घ्यायचा, आणि गर्दीचं कारण सांगायचा. आमच्या इमारतीची टाकी एकदा रात्री भरून वाहायला लागली, गच्चीवरून पाण्याची धार पायरीवर पडत होती. सकाळी बघते तर पाहुण्यांच्या सगळ्या चपला आणि बॅगा जेवणाच्या टेबलावर चढवलेल्या, आणि दादा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला. वहिनीनं सांगितलं, "तसंच असतंय त्यांचं. बोलू नका काय." आणि सगळ्यात न कळणारी गोष्ट म्हणजे त्याच्यातला रस आटत चालला होता. पोराला दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा पेढे वाटले, पण पेढ्याचा बॉक्स हातात धरून हा दुसऱ्याच कुणाच्या घरचं कार्य असल्यासारखा उभा. चिडायचा मात्र घरचाच होऊन.

छातीत धरल्यासारखं होतं म्हणून एका दवाखान्यात ईसीजी काढला. स्वच्छ. तिथून झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या त्या चालूच राहिल्या. दीड गोळीची दोन झाली. वहिनीनं जोतिबाला नवस बोलला, शनिवारी-अमावास्येला नारळ उतरवून टाकला. मी त्याला हसणार नाही. तिच्या हातात जे होतं ते तिनं केलं, आणि नारळ उतरवला त्या रात्री दादा झोपायचा, असं ती सांगते. गावातली माणसं पाठीवर थाप मारून "पैलवान गड्या तू, असं काय करालाईस" म्हणायची. ही थाप मला त्या गोळ्यांपेक्षा वाईट वाटते. माणूस त्यानं सरळ होत नाही, फक्त त्याला कळतं की इथं वाकायची सोय नाही.

या दुखण्याला वैद्यकाच्या पुस्तकात स्वतंत्र नाव मिळालं 1980 साली, तेही अमेरिकेत, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळं. पीटीएसडी. जिवावरचा प्रसंग सरतो आणि शरीराला मात्र तो सरल्याचं कळत नाही, असा काहीसा प्रकार. प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येतो, स्वप्नात आणि जागेपणी. माणूस त्याची आठवण देणारं सगळं टाळत जातो. अंग कायम सावध, झोप पातळ, दचकणं. आणि मनाला एक बधिरपणा किंवा अपराधीपणा. पहिल्या महिन्यात हे जवळजवळ कुणालाही होऊ शकतं, त्याला लगेच पीटीएसडी म्हणत नाहीत. महिना उलटून गेल्यावरही टिकलं आणि जगणं अडवायला लागलं, तर मग हे नाव. बहुतेक माणसं आपसूक सावरतात, हेही खरं. आमच्या गावातली सावरलीच. तोच पूर, तीच बोट, शेजारच्या घरातला माणूस पुढच्या हंगामात नवीन म्हैस आणून मोकळा झाला. म्हणूनच दादाला वाटत राहिलं की खोट त्याच्यातच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर किल्लारी भागातली माणसं कितीतरी दिवस छपराखाली झोपायला तयार नव्हती, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि समजूनही घेतलंय. दगडामातीच्या घरांनीच माणसं मारली होती. भूकंप झालेल्या माणसाची ती भीती आपल्याला पटते. म्हशीसाठी तसं होतं म्हटलं तर लोक तोंडाकडं बघतात.

पुरानंतर गावात मदत भरपूर आली. चादरी, बिस्किटं, फिनेल, आणि बोलतं करायला आलेली माणसंही. भल्या मनाची होती. शाळेच्या वर्गात सगळ्यांना गोल बसवून काय झालं ते सांगायला लावलं. वार्ताहरांनी तर आधीच सांगून घेतलं होतं. प्रसंग ताजा असताना एकाच बैठकीत असं सगळ्यांकडून वदवून घेणं आता तज्ज्ञ करू नका म्हणतात, त्यानं पुढचा आजार टळत नाही. आधी खायला, कोरडे कपडे, आपली माणसं कुठं आहेत त्याचा पत्ता, रात्री निजायला बरी जागा, आणि ज्याला बोलायचंय त्याचं ऐकून घेणं. तेवढं पुरे असतं. मला वाटतं, दादाची ती कट्ट्यावरची गोष्ट त्याच दिवसांत घडली. इतक्या जणांनी विचारलं, की सांगण्यासाठी एक बरी गोष्ट तयार करावी लागली. त्यात म्हातारीचा पाट होता, बिस्किटाचा पुडा होता, आणि एक जागा नीट बुजवलेली होती.

2021 च्या जुलैत पंचगंगा पुन्हा 55 फुटांच्या वर गेली. या खेपेला दादानं धोका पातळी यायच्या आधीच, सगळं गाव हसत असताना, जनावरं पाहुण्यांच्या माळावरच्या गोठ्यात नेऊन बांधली. एकही गेलं नाही. आम्हाला वाटलं, आता याच्या मनातून जाईल. उलट झालं. गावात ज्याला त्याला म्हणायचा, "बघ, यंदा कसं जमलं." आणि घरात आल्यावर भिंतीकडं तोंड करून निजायचा. यंदा जमलं म्हणजे तेव्हाही जमलं असतं. हे त्यानं कधी उच्चारलं नाही, पण त्याच्या पाठीवरून वाचता येत होतं.

त्या दिवाळीच्या सुमारास 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर सुरू झाल्याची बातमी पेपरात आली होती. फुकट, मराठीतही बोलतात. मीच फोन लावला, भावाचं म्हणून सगळं सांगितलं. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि झोपेच्या गोळ्या एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून उतरवत आणा, असं आधी बजावलं. मग मानसोपचारतज्ज्ञ. दादाला तयार करायला उन्हाळा उजाडला. "मला काय येड लागलंय?" या एका वाक्याशी भांडण्यात वहिनीचे आणि माझे किती फोन गेले. शेवटी तो आला तो झोपेसाठी. भीतीसाठी यायला तयार नव्हता, झोपेसाठी यायला त्याची ना नव्हती. डॉक्टरांनी सर्ट्रालिन सुरू केलं, जुन्या गोळ्या पाव पाव करत कमी केल्या. पहिले काही दिवस पोट बिघडलं, तोंडाला चव नाही, गुण काही दिसेना. याला काही आठवडे लागतात हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण शेतकऱ्याला औषध मारलं की चार दिवसांत पानावर फरक दिसायची सवय. थांबला, हेच विशेष.

खरी गंमत समुपदेशक बाईंकडं झाली. तरुण होत्या, कोल्हापूरच्या नव्हत्या. पहिल्या भेटीत मी सोबत होते. त्यांनी सांगितलं, शून्य म्हणजे अजिबात भीती नाही, शंभर म्हणजे सहन होण्यापलीकडं, तर पुराचं नाव काढल्यावर आत्ता किती? दादा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "39." बाईंनी 39 लिहिलं. पुढं विचारलं, गोठ्यातल्या त्या रात्रीचं आठवलं तर? "43 च्या वर." त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की निम्म्याहून कमी आहे, म्हणजे बरंच बरं आहे. मला हसू फुटलं. मग मी सांगितलं, बाई, हा शंभरातले आकडे देत नाहीये, हा राजाराम बंधारा सांगतोय. 39 ला इशारा, 43 ला धोका. दादा चकित होऊन माझ्याकडं बघायला लागला, त्याला दुसरं कुठलं मोजमाप असेल हे सुचलंच नव्हतं. बाईंनी वही बंद केली, परत उघडली, शंभर खोडलं आणि फूट लिहिलं. पुढचे सगळे महिने त्याच्या भीतीची नोंद फुटांत झाली. मला तिथंच त्या बाईंबद्दल विश्वास वाटला.

पद्धत ऐकायला सोपी आहे आणि करायला निर्दय वाटते. एड्ना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती बसवली. माणूस ज्याला टाळतो त्याच्याकडं त्याला थोडं थोडं न्यायचं, आणि तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावायचा. दीड दीड तासाची बैठक. सांगितलेलं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. सोबत एक उतरंड लिहायची. नळाचा आवाज ऐकत बसणं 30 फूट. शिवाजी पुलावर कठड्याला टेकून उभं राहणं 41. रात्री दिवा घालवून गोठ्यात बसणं 45. भिजवलेलं दावं हातात धरून त्याची गाठ बोटांनी सोडणं, याच्यापुढं त्यानं आकडाच लिहिला नाही. त्या कोऱ्या जागेकडं बघताना मला दिवाळीतली सुतळी आठवली.

ते रेकॉर्डिंग मी ऐकलंय. त्यानंच ऐकवलं, एकट्यानं ऐकवेना तेव्हा. आमच्या गॅलरीत, दार लावून.

तीन दावी नायलॉनची होती. चौथं अंबाडीचं, आबांनी स्वतः वळलेलं. त्या म्हशीच्या मानेला नायलॉननं वळ उठायचा म्हणून तिला तेच असायचं. तिसरं दावं तोडताना विळा हातातून निसटून पाण्यात गेला. अंबाडी भिजून फुगलेली, म्हशीनं हिसके मारून गाठ घट्ट बसलेली, आणि खुंट्याची गाठ पाण्याखाली. दिसत काही नाही. तो वाकून, हनुवटी पाण्याला लावून बोटांनी गाठ चाचपतोय. वरच्या पदरात नख शिरतं, सरकत नाही. खालचा पदर सापडत नाही. नख उलटतं. बाहेरून बॅटरीचा उजेड आणि हाका, पोराचं रडणं. म्हैस हंबरतेय. मग रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज एकदम रोजचा होतो, सकाळी धार काढायला बसतानाचा असतो तसा. "थांब हां. आलो मी." आणि म्हैस हंबरायची थांबते. रोज त्या शब्दाला ती थांबायची, पाय हलवायची नाही. तशीच थांबली. हा बोटीत चढतो.

ही ती बुजवलेली जागा. ती मेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं तिला थांब म्हटलं होतं आणि तिनं ऐकलं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्याला काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काय होतं? "म्हैसच ती" म्हणणं हरामीपणा झाला असता, आणि "तुझा काय दोष" हे वाक्य त्याच्या अंगावरून आधीच शेकडो वेळा ओघळून गेलं होतं. बाईंनी ते म्हटलं नाही. त्यांनी कागदावर विचारलं, त्या रात्रीला कोण कोण कारण होतं ते लिही. त्यानं लिहिलं, पाऊस. राधानगरी धरणाचे दरवाजे. कर्नाटकातलं अलमट्टी धरण. (ते कोल्हापूरकर लिहिणारच.) मागच्या ओढ्यावरचा भराव. उशिरा आलेली बोट. आबांचं दावं, हे लिहायला त्याला फार जड गेलं. आणि शेवटी मी. मग प्रत्येकाला वाटा द्यायचा, शंभराचा हिशोब. सगळ्यांना देऊन झाल्यावर त्याच्या वाट्याला जे उरलं ते त्यानं मला दाखवलं नाही. पण कागद घडी करून खिशात ठेवला, फाडला नाही.

रेकॉर्डिंग तो शेतात बांधावर बसून कानात घालून ऐकायचा. बाजूच्या रानातल्या माणसाला वाटायचं, भजनं ऐकतोय. पहिल्या आठवड्यात ऐकून झाल्यावर ओकायचा. झोप आणखी बिघडली, आणि वहिनी मला फोन करून म्हणाली की हे चांगलं चाललेलं माणूस तुम्ही बिघडवालाय. बाईंनी आधीच सांगितलं होतं की मधे जरा चढेल. चढलं. मग एक दिवस दादाचा फोन आला, जवळजवळ तक्रारीच्या सुरात. "तायडे, आज त्यो म्हशीचा भाग चालू असतानाच माझं ध्यान वैरणीकडं गेलं बघ. कापायची ऱ्हायलीय." मी बाईंना कळवलं तर त्या इतक्या खूश झाल्या, की मला आधी कळेना. कंटाळा यायला लागला होता. चार वर्षं जे ऐकायला तो जिवाच्या भीतीनं पळत होता, ते ऐकताना त्याला वैरण आठवत होती.

आणि ऐकता ऐकता त्यात नवीन गोष्टी निघाल्या. बोटीतल्या माणसानं त्याला दंडाला धरून ओढलं होतं, हे त्याला आठवतच नव्हतं. त्याच्या आठवणीत तो आपल्या पायानं चढला होता. पाणी कमरेएवढं नव्हतं, छातीला होतं. कट्ट्यावरच्या गोष्टीत त्यानं ते खाली आणलं होतं, आपल्याला आणखी वेळ मिळाला असता असं दिसावं म्हणून. म्हणजे शूर दिसायला नव्हे, दोषी दिसायला. याचा मी अजून विचार करते.

सगळं छान झालं असं नाही. गोष्टी तशा सुटत नाहीत. गोळी अजून चालू आहे, डॉक्टर म्हणतात इतक्यात थांबवायची नाही. दावी त्यानं सगळी काढून टाकली, आता साखळ्या आणि कडी, एका बोटानं सुटणारी. ही खबरदारी की भीती, यावर बाईंनी आणि त्यानं बराच वाद घातला. शेवटी पूररेषेत राहणाऱ्या माणसानं कडी ठेवावी, डिकीतला विळा मात्र घरी ठेवावा, असं ठरलं. विळा कधीकधी परत डिकीत जातो. 2024 च्या जुलैत पाणी पुन्हा धोका पातळीच्या वर गेलं. तेव्हा रात्री धाप लागल्यावर तो गोठ्यातच बसायचा आणि हाताला लागेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचा. पेंडीचं घमेलं, गव्हाणीची फळी, म्हशीची ओली पाठ, शेणाचा वास, ट्यूबलाइटची गुणगुण. मन त्या रात्रीत ओढलं जात असताना त्याला आजच्या गोठ्यात धरून ठेवायची ही युक्ती. वहिनी म्हणते, येडं म्हणून हसायची सोय न्हाई, कारण मग झोपतात.

एक गमावलंही. कट्ट्यावरची ती गोष्ट त्याला आता सांगता येत नाही. परवा कुणी आग्रह केला, तर म्हातारीचा पाट आला, हशा झाला, तीन म्हशी झाल्या, आणि हा थांबला. "चौथीला सोडवाय आलं न्हाई मला," म्हणाला. कट्टा गप्प. कुणीतरी तंबाखू मळायला लागलं, कुणी क्रिकेटचा विषय काढला. तेव्हापासून त्याला कुणी गोष्ट सांग म्हणत नाही. खरं सांगायचं तर मलाही ती जुनी गोष्ट आवडायची. इतकी रंगवून सांगणारा माणूस आमच्या घरात दुसरा नाही, आणि तिच्या खाली काय गाडलेलं होतं हे कळूनसुद्धा तो हशा मला अधूनमधून हवा वाटतो.

गेल्या महिन्यात वहिनी भाजी निवडताना अचानक म्हणाली, "ताई, त्या बाईंकडं बायकांना घेत्यात काय?" मी म्हटलं, घेतात की, का? ती म्हणाली, "ह्यांचं समद्यांनी विचारलं. बोटीत पोराला धरून मी बी बसलोच व्हतो की. गोठ्याचं दार माझ्या तोंडासमोर व्हतं." मेथीच्या काड्या मोडत राहिली. "ह्यांनी थांब म्हटल्यालं मला बी ऐकू आलतं."

तिची बुधवारची वेळ घेतलीय. दादा गाडीवरून सोडतो म्हणालाय, सकाळचं दूध डेअरीला घालून झाल्यावर. येताना शिवाजी पुलावरून येणार की फेऱ्यानं, ते विचारलं तर म्हणाला, पाण्यावर हाय.